इरावतीबाईंचे शास्त्र



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली, त्या सभेत प्रत्येकीने एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले. मी चहाच्या कपबशा विसळून बाहेर येईपर्यंत जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही सारी मोठी नावे वाटून झाली होती. बहिणाबाईंवर तर दोघींनी हक्क सांगितला होता. त्या पडल्या आपल्या असोद्याच्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा माहेरगावापासून लांब होती आणि मुलीला रोज एसटीने पाठवण्याची घरच्यांची तयारी नव्हती. त्यामुळे मला कोणी आग्रहही केला नसता. परंतु माझ्या तोंडून इरावती कर्वे हे नाव निघून गेले आणि अध्यक्षबाईंनी ते लिहूनही घेतले.

हे नाव माझ्या तोंडी कसे आले ते सांगते. माझी मुलगी दहावी झाली. गुण चांगले पडले म्हणून सगळे म्हणाले, सायन्स घे. तिने कला शाखा धरली आणि त्यात समाजशास्त्र हा विषय घेतला. घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. माझ्या धाकट्या दिरांचे म्हणणे असे की, ज्यात प्रयोगशाळा नाही, काचेची नळी नाही, वजनाचा काटा नाही, ते शास्त्र कसले? माणसे माणसांसारखी वागतात, त्यात शिकण्यासारखे काय आहे? खरे सांगायचे तर मलाही मनातून तसेच वाटत होते. दुपारी मी गहू निवडायला बसले की मुलगी शेजारी बसून मोठ्याने वाचायची. तेव्हा मला कळले की आमच्या दिरांची शंका पुष्कळ जुनी आहे. युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांनी तीवरून वाद घातले आहेत, आणि त्या वादात आपली एक मराठी बाई हातात मोजण्याचा चिमटा घेऊन उभी राहिली होती. त्या बाईंची हकीकत मला जशी समजली तशी येथे सांगते.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात म्यिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तेथे कापसाच्या एका कंपनीत इंजिनियर होते. गावाजवळून इरावती नदी वाहते, तिचेच नाव लेकीला ठेवले. सातव्या वर्षी मुलीला शिकण्यासाठी पुण्याला पाठवले आणि ती हुजूरपागेच्या वसतिगृहात राहू लागली. सात वर्षांची पोर आईबापांना सोडून समुद्रापलीकडे राहते, हे ऐकून माझ्या पोटात कालवले. परंतु तेथेच तिचे भाग्य उघडले. रँग्लर परांजपे यांची मुलगी शकुंतला हिच्याशी तिची मैत्री झाली आणि परांजप्यांनी तिला आपल्या घरी दुसऱ्या लेकीसारखे वाढवले. ते घर पुस्तकांचे आणि वादविवादांचे. तेथे कोणतीही गोष्ट केवळ वडीलधाऱ्यांनी सांगितली म्हणून मान्य होत नसे.

फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९२६ साली बी. ए. झाल्या आणि मुंबईला समाजशास्त्र शिकण्यास गेल्या. मुंबई विद्यापीठात हा विषय १९१९ साली सुरू झाला होता. पॅट्रिक गेडिस या स्कॉटलंडच्या गृहस्थांनी तो सुरू केला आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख होते. घुर्ये आपल्या मालवणचे, केंब्रिजला शिकून आलेले. त्यांच्याच हाताखाली इरावतीबाईंनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ साली एम. ए. ची पदवी मिळवली.

तो वाद काय होता, हे येथेच सांगून टाकते. फ्रान्समध्ये ऑगस्त कोम्त नावाचे विद्वान होऊन गेले. आकाशातल्या ग्रहांना जसे नियम आहेत तसे मनुष्यसमाजालाही आहेत, ते शोधावेत, असे त्यांनी मांडले. या शास्त्राला समाजशास्त्र हे नावही १८३८ च्या सुमारास त्यांनीच दिले. पुढे त्याच देशातील एमिल दुर्खीम यांनी सांगितले की, समाजातील रीत ही एखाद्या वस्तूसारखी बाहेरून पाहावी आणि मोजावी. आत्महत्येइतकी एकट्याची गोष्ट दुसरी नाही. परंतु तिचेही आकडे जमवून त्यांनी १८९७ सालच्या ग्रंथात दाखवले की, माणूस आपल्या लोकांशी किती बांधलेला आहे यावर ते आकडे कमीजास्त होतात. जर्मनीतील मॅक्स वेबर यांचे मत थोडे निराळे होते. माणूस जे करतो त्यात त्याने मनाशी काही अर्थ धरलेला असतो; तो अर्थ समजून घेतल्याशिवाय नुसत्या मोजणीचा उपयोग नाही, असे ते मानत.

हे मला पहिल्यांदा डोक्यावरून गेले. मग मी आपल्याच घरातले उदाहरण घेतले. समजा, आपल्या गल्लीतील किती बायांच्या कपाळी कुंकू नाही हे मोजायचे आहे. दारोदार फिरून आकडा काढता येईल आणि तो खराही असेल. परंतु त्यात एक विधवा असेल, एकीच्या धर्मात कुंकू नसेल, एकीला त्याने पुरळ येत असेल आणि एकीने विचार करून ते सोडले असेल. आकडा एकच, गोष्टी चार. त्या कळायच्या तर विचारावे लागते. दुर्खीम मोजा म्हणाले, वेबर समजून घ्या म्हणाले, एवढे मला उमगले.

मोजणाऱ्यांनी आपल्या देशात केलेली एक मौज ऐका. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख रिस्ले नावाचे साहेब होते. त्यांनी ठिकठिकाणच्या लोकांची नाके मोजवून घेतली आणि सिद्धांत काढला की, नाक जितके अरुंद तितकी जात वरची आणि जितके रुंद तितकी खालची. घुर्ये सरांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले की, उत्तरेकडचा एक मुलूख सोडला तर हा हिशेब कोठेच जुळत नाही. आपल्याकडे नाक उडवणे, नाक मुरडणे हे पुष्कळ चालते. परंतु नाकाच्या मापावर सरकारने माणसाची पायरी ठरवावी, हे ऐकून मला हसावे की रडावे ते कळेना.

आता इरावतीबाईंकडे येते. त्यांचे लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाले. म्हणजे विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापणाऱ्या महर्षी कर्व्यांच्या त्या सून. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत आणि स्वतः जर्मनीत शिकून आले होते. बायकोनेही तिकडे जाऊन डॉक्टरेट घ्यावी असे त्यांच्या मनात आले. येथे नवल वाटण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या सासऱ्यांनी हजारो मुलींना शाळेची वाट दाखवली, त्यांनीच सुनेच्या परदेशी जाण्यास विरोध केला. परक्या मुली शिकवणे आणि घरची सून पाठवणे यांत फरक असतो, हे आपण सर्वजणी जाणतो. नवऱ्याने मात्र माघार घेतली नाही. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनला मनुष्यवंशाचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था वर्षभरापूर्वीच निघाली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. त्यांची अशी धारणा होती की, गोऱ्या माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते, म्हणून त्याची बुद्धी अधिक चालते. इतर वंशांच्या लोकांत हा फरक आढळत नाही. हे सिद्ध करायचे काम या तेवीस वर्षांच्या मुलीला मिळाले. तिच्यापुढे १४९ कवट्या ठेवल्या गेल्या. काही युरोपातल्या, काही आफ्रिकेतून नेलेल्या. एकेक कवटी घेऊन दोन्ही बाजू मोजायच्या, लिहायच्या, पुन्हा ताडून पाहायच्या. आपल्यासारखीला रात्री झोप लागली नसती.

मोजून झाल्यावर तिला दिसले की, कवटीच्या दोन बाजूंत थोडाफार फरक सर्वच माणसांत असतो. गोऱ्यांतही असतो आणि काळ्यांतही असतो. वंशाशी त्याचा काही संबंध नाही. आता ही मुलगी परदेशात, पैसा कर्जाचा, घरी सासऱ्यांची नाराजी, आणि पदवी द्यायची की नाही हे ज्यांच्या हाती त्यांचेच मत खोटे ठरत होते. आकडे इकडचे तिकडे केले असते तर कोणाला कळले असते? परंतु तिने जे मोजले तेच लिहिले. फिशर यांनी तिला गुण हात राखून दिले असे सांगतात. पदवी मात्र मिळाली आणि १९३० साली त्या परतल्या.

त्या काळी हे कवट्यांचे भांडण किती मोठे होते, हे पुढे जगाला कळले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी हे फिशर बर्लिन विद्यापीठाचे मुख्य झाले. एक वंश श्रेष्ठ आणि दुसरा हीन ही जी शिकवण होती, तिच्या नावाने आधी लोकांची सक्तीने नसबंदी झाली आणि नंतर लाखो ज्यू माणसे मारली गेली. त्या संस्थेत प्रयोगशाळा होती, मापे होती, मोठमोठ्या पदव्या होत्या. आमच्या दिरांना शास्त्रात जे जे हवे ते सारे तेथे होते. तरी जे दिसले तेच सांगण्याचा धर्म तेथल्या मोठ्यांनी पाळला नाही, आणि एका मराठी मुलीने पाळला. ही गोष्ट ऐकली तेव्हा निवडलेले गहू आणि खडे माझ्याकडून पुन्हा एकत्र झाले.

परतल्यावर काही वर्षे त्यांनी सासऱ्यांनीच स्थापलेल्या महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम केले. १९३९ साली पुण्यात येरवड्याच्या बाजूस डेक्कन कॉलेजची संशोधन संस्था सुरू झाली, तेथे त्या समाजशास्त्र शिकवू लागल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. १९४७ साली दिल्लीला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्षा होत्या. शास्त्रज्ञांच्या सभेत समाजाचा अभ्यास करणाऱ्या बाईला अध्यक्षपद मिळाले, हे मी दिरांच्या पुढे मुद्दाम वाचून दाखवले.

मापाचा चिमटा त्यांनी टाकून दिला नाही. महाराष्ट्रात हिंडून त्यांनी अनेक जातींच्या लोकांची उंची, डोके, नाक मोजले; पुढे रक्तगटही तपासले. बर्लिनला शिकलेली मापे घेऊन त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, याबद्दल मागाहूनच्या अभ्यासकांनी त्यांना दोषही दिला आहे. माणसाचे मन आणि समाज डोक्याच्या मापात सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला पटते. परंतु त्या मापांतून इरावतीबाईंनी जे काढले ते रिस्लेसाहेबांच्या उलटे होते. एकच नाव लावणाऱ्या दोन जाती शरीराने एकमेकींपासून दूर असू शकतात असे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी मांडले की, कुंभार म्हणून कोणी एक जात होती आणि तिचे पुढे तुकडे पडले असे नाही. निरनिराळे समूह आधीपासून वेगळे होते, तेच काम करू लागले म्हणून एका नावाखाली आले. घुर्ये सरांचे मत असे नव्हते. मूळ एका जातीच्या पोटजाती पडत गेल्या असे ते मानत. म्हणजे येथेही शिष्येने गुरूचे मत मान्य केले नाही.

हा वाद आपल्याला दूरचा वाटायला नको. आपल्याकडे कोणी कुणबी म्हणून सांगितले, तरी सोयरीक जुळवताना म्हातारी माणसे लगेच विचारतात की कोणते कुणबी? नाव एक असूनही लेक देण्याघेण्याची वर्तुळे निराळी असतात. जात म्हणजे आपसात लग्ने करणाऱ्या नातेवाइकांचे एक मोठे जाळे आहे, हे इरावतीबाईंचे सांगणे मला त्यामुळे चटकन समजले. लग्नाच्या याद्या आपणच करतो. शास्त्रज्ञांच्या आधी ते जाळे आपल्याला ठाऊक असते.

१९५३ साली त्यांचा भारतातील नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. तो जगभर वाचला गेला. उत्तरेकडे लेक दूरच्या, अनोळखी घरी देतात आणि जवळच्या नात्यात लग्न होत नाही. म्हणून तिकडची सून पदर ओढून परक्यांत वावरते. दक्षिणेकडे मामाशी किंवा मामाच्या मुलाशी लग्न होते, म्हणून सून आपल्याच माणसांत जाते आणि तिला माहेर आणि सासर यांत इतका दुरावा वाटत नाही. आपला महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. मुलाने मामाची मुलगी केलेली चालते, असे आपल्याकडे पुष्कळ जातींत आहे. आपल्या खानदेशात तर काही घरांत ते चालते आणि काही घरांत त्याचे नावही काढत नाहीत.

हे त्यांनी शोधले कशावरून? जुन्या पोथ्यांवरून, आणि तितकेच बायांच्या गाण्यांवरून, म्हणींवरून, नात्यांच्या शब्दांवरून. आपल्याकडच्या जुन्या बाया सासूला आत्याबाई म्हणत. मी ते कितीदा ऐकले, पण कधी विचार केला नाही. मुलाने मामाची मुलगी केली तर तिची सासू ही तिची सख्खी आत्याच लागणार! तोंडातल्या एका शब्दात केवढी जुनी रीत जपलेली आहे. माझी आई दळताना ओव्या म्हणायची, त्यांत भाऊ, भाचा, मामा यांचीच नावे असत. त्या ओव्यांना कोणी पुरावा मानील असे तिला सांगितले असते तर ती हसली असती.

आपल्या बाजूसही इरावतीबाईंच्या अभ्यासाचे पाऊल उमटले आहे. पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील भिल्ल लोकांच्या राहणीची आणि मिळकतीची पाहणी त्यांनी केली. ती १९६१ साली पुस्तकरूपाने निघाली. कोयनेच्या धरणामुळे ज्यांची गावे उठली, त्या लोकांचे पुढे काय झाले याची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. आपल्या हतनूर धरणात ज्यांची घरे गेली त्यांतल्या काही लेकीसुना आज आपल्याच मंडळात आहेत. धरणात पाणी किती मावते हे फलकावर लिहिलेले असते, पण माणसे किती उठली आणि कोठे गेली हे विचारायला कोणीतरी जावे लागते.

त्या पंढरीच्या वारीलाही पायी गेल्या होत्या आणि त्यावर त्यांनी मराठीत लेख लिहिला. आपल्या पिंप्राळ्याला आषाढी एकादशीस विठ्ठलाचा रथ निघतो, म्हणून तो भाग मी दोनदा वाचून घेतला. वारीत त्या ज्या दिंडीबरोबर चालल्या, तीत ब्राह्मण आणि मराठा दोन्ही मंडळी होती. अभंग एकच, टाळ एकच, वाट एकच. परंतु जेवायची वेळ झाली की चुली निराळ्या आणि पंगती निराळ्या. याचे त्यांना फार वाईट वाटे. एके दिवशी त्या मराठा बायांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बाया त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने वागू-बोलू लागल्या, असे त्यांनी लिहिले आहे. आपल्याही रथाचा दोर ओढताना कोणी कोणाला जात विचारत नाही. घरी परतल्यावर काय होते ते मी लिहीत नाही. ज्याचे त्याला ठाऊक आहे.

घरात त्या कशा होत्या याविषयीही वाचले. नवऱ्याला त्या दिनू अशी नावाने हाक मारीत. कुंकू आणि मंगळसूत्र यांचे बंधन त्यांनी ठेवले नाही. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई त्याच, असे म्हणतात. तीन मुले वाढवली. धाकटी गौरी देशपांडे मराठीत मोठी लेखिका झाली. आणि इतके असूनही परिपूर्ती नावाच्या लेखात त्यांनी जे लिहिले आहे त्याने मला फार जवळीक वाटली. सभेत त्यांची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी करून देत, तरी काही राहून गेले असे त्यांना वाटे. एकदा रस्त्याने जाताना कोणा मुलाने दुसऱ्याला सांगितले की, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि त्या क्षणी ओळख पुरी झाली. एवढी विद्वान बाई, पण स्वतःची अशी थट्टा करू शकली.

महाभारतातील माणसांवरचे त्यांचे युगान्त हे पुस्तक १९६७ साली निघाले आणि त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात कुंती, गांधारी, द्रौपदी या देव्हाऱ्यातून उतरून आपल्यासारख्या चुकणाऱ्या आणि सोसणाऱ्या बाया होऊन येतात. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई वारल्या. तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या.

चरित्र येथे संपते. परंतु या लेखापायी मला एक गोष्ट करावी लागली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मंडळाची नोंदवही गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किती जणी आल्या, वाण काय दिले, खर्च किती झाला, हे मी नीट लिहीत आले. एकही आकडा चुकलेला नाही, याचा मला अभिमान होता. इरावतीबाईंविषयी वाचल्यावर एका दुपारी ती वही मी पहिल्या पानापासून उघडली आणि जी नावे त्यात नाहीत ती शोधू लागले. माझ्या मोठ्या जाऊबाईंचे नाव कोठेच नव्हते. दर संक्रांतीला मंडळाच्या तिळगुळाचे तीळ त्या भाजतात, पाक त्या करतात, लाडू त्या वळतात. त्यांच्या हातचा लाडू घेतल्याची नोंद दरवर्षी पन्नासजणींपुढे आहे. मोठे दीर वारले त्याला नऊ वर्षे झाली.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारले. आजवर विचारले नव्हते, कारण मला उत्तर माहीत आहे असे मी धरून चालले होते. मला वाटे, त्यांनाच गर्दीत यायला आवडत नाही. त्यांनी सांगितले की, पहिल्या वर्षी त्या नवे लुगडे नेसून मागच्या दारी बसल्या होत्या. कोणी हाक मारील असे वाटले होते. कोणी नको म्हटले नाही आणि कोणी ये म्हटले नाही. दुसऱ्या वर्षापासून लुगडे काढले नाही. एवढे सांगून त्या शेंगा फोडू लागल्या.

हाक मारायची होती ती मीच. माझ्या वहीतला आकडा बरोबर होता, आणि तरी ती वही खोटी होती.

या संक्रांतीला आपण घरोघरी जाऊन सर्वांना बोलावले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. ज्यांना कुंकू लावून घ्यायचे होते त्यांनी घेतले. जाऊबाईंनी घेतले नाही, परंतु वाण घेतले, पुढच्या सतरंजीवर बसल्या आणि तिसरीपर्यंत शिकलेल्या असूनही वहीत सही आपल्या हाताने केली. त्या दिवशी एकूण अठ्ठावन्नजणी आल्या. त्यांतल्या सातजणी पहिल्यांदाच आल्या. दरवर्षी येणाऱ्या दोघी आल्या नाहीत. मी दुसऱ्या दिवशी दोघींकडे जाऊन आले. एकीला ताप होता. दुसरीने स्पष्ट सांगितले की, हे तिला पटलेले नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही, चहा घेतला आणि घरी येऊन नाव न घालता दोन्ही कारणे वहीत लिहून ठेवली.

धाकटे दीर ते पान वाचत होते. न आलेल्यांची नोंद कशासाठी, असे त्यांनी विचारले. मुलगी त्यांना समजावून सांगू लागली आणि ते ऐकत बसले. मी आत जाऊन भाकरी टाकल्या.